कुणाचे अडते?

जून महिना उजाडला, शाळा-महाविद्यालये सुरू झाली, की धर्मग्रामांतील युवक गटांच्या नव्या वर्षाची जुळवाजुळव सुरू होते. मग ओळखीचे धर्मगुरू, धर्मभगिनी आणि गट चालवणारे उत्साही तरुण आम्हांला हटकून विचारतात, "यंदा मुलांसाठी काही नवे कार्यक्रम सुचवा. जुन्यांना मुले कंटाळली आहेत." या विनंतीने पूर्वी आम्हांला आनंद होत असे. आमच्यापाशी कार्यक्रमांची एक जाडजूड वहीच होती. खेळ, कोडी, नाटुकल्या, बायबल प्रश्नमंजूषा, समूहगीते असे पुष्कळ काही आम्ही तिच्यात वर्षानुवर्षे टिपून ठेवले होते. आता मात्र कोणी कार्यक्रम मागितले, की आम्ही वही काढत नाही. आम्ही एक प्रश्न सांगतो. तो आमचा नव्हे. सतरा वर्षांच्या एका मुलाने तो आम्हांला विचारला होता, आणि तो विचारून तो गटातून निघून गेला होता.

आम्ही उभयता शिक्षक. नोकरीची बरीच वर्षे चंद्रपूर शहरात गेली आणि अखेरची गडचिरोली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी. पश्चिम किनाऱ्यावरील वाचकांना आमचा चांदा धर्मप्रांत फारसा परिचयाचा नसेल. चांदा हे चंद्रपूरचे जुने नाव. धर्मप्रांताने ते जपले आहे. १९६२ साली रोमने हा प्रदेश सिरो-मलबार ख्रिस्तसभेच्या आणि तिच्यातील सीएमआय संघाच्या धर्मगुरूंच्या हाती सोपवला आणि १९७७ साली त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. धर्मप्रांताचे कॅथेड्रल बल्लारपूरला आहे. चंद्रपूर-बल्लारपूरच्या बाजूला कोळशाच्या खाणी, कागद कारखाना आणि रेल्वे यांच्या आश्रयाने देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कॅथलिक कुटुंबे भेटतात. वैनगंगा ओलांडून गडचिरोलीच्या बाजूला आलो, की चित्र पालटते. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा बहुतेक भाग आजही अरण्य आहे. येथे धर्मग्राम म्हणजे एक लहानसे मंदिर, परिचारिका, शिक्षक आणि दुकानदार यांची आठ-दहा कुटुंबे आणि आसपासच्या टोल्यांवर राहणारी चार-पाच स्थानिक कुटुंबे. आमचे धर्मग्राम असेच होते.

२०१७ साली फादरांनी युवक गट आमच्या स्वाधीन केला. चौदा मुलेमुली होती. आम्ही वही उघडली. दर रविवारी मिस्सानंतर दीड तास गट भरू लागला. प्रारंभी प्रार्थना, मग शुभवर्तमानाचे सहवाचन. दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत आम्ही शिकून आलो होतो. त्यानंतर खेळ आणि प्रश्नमंजूषा. नाताळात गोठ्याची स्पर्धा, उपवासकाळात क्रूसाच्या वाटेचे नाट्यदर्शन, मे महिन्यात मरियामातेच्या गीतांची तयारी. फलकावर छायाचित्रे झळकत. धर्मग्रामातील पालक समाधानी होते. आम्ही तर होतोच.

त्या चौदांमध्ये एक मुलगा होता. चार किलोमीटरवरच्या टोल्यावरून सायकलने येई. गोंडांच्या घरातला. त्याच्या आजोबांच्या काळापासून हे कुटुंब ख्रिस्ती. तो भिंतीशी बसे आणि बोलत नसे. प्रश्नमंजूषेत त्याची पाळी आली, की तो खाली पाहून हसे आणि प्रश्न पुढे जाई. आमच्यापैकी एकाचे मत असे पडले, की मुलगा जरा मंद आहे. दुसरीला ते पटले नाही. तिच्या मते तो बुजरा होता. आज मागे वळून पाहता दोन्ही मतांची लाज वाटते. घरात गोंडी, शाळेत मराठी आणि गटात शहरी मराठीतली कोडी. तीन भाषांचे डोंगर चढून तो दर रविवारी येत होता, आणि शिखरावर आम्ही त्याला विचारत होतो, की नोहाच्या तारवाला मजले किती!

२०१८ च्या पावसाळ्यानंतर तो येईनासा झाला. तीन रविवार वाट पाहून आम्ही त्याच्या टोल्यावर गेलो. तो अंगणात कुंपणाच्या काट्या रोवत होता. आम्ही म्हणालो, "अरे, तू आला नाहीस. आम्हांला तुझी आठवण येते." तो काही बोलला नाही. आतून चहा आणून आमच्यासमोर ठेवला. निघताना मात्र आम्ही पुन्हा विचारले, तेव्हा तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मी नाई आलो त कोनाचं का अडते जी, सर?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. हिशेब मांडावा तसे त्याने ते मांडले होते. रविवारी तो घरी राहिला तर कुंपण होणार होते. गटात आला तर एका प्रश्नमंजूषेत एक मुलगा अधिक बसणार होता. मोटारसायकलवरून परतताना आम्ही दोघेही गप्प होतो. घरी आल्यावर त्या संध्याकाळी आम्ही वही समोर घेऊन बसलो आणि प्रत्येक कार्यक्रमापुढे त्याचा प्रश्न लिहून पाहिला. हा कार्यक्रम झाला नाही तर कुणाचे अडते? कोड्यांपुढे, खेळांपुढे, गोठ्याच्या स्पर्धेपुढे. अडत होते ते केवळ आमचे. कार्यक्रम न झाल्यास फलक रिकामा राहिला असता.

गैरसमज नको. खेळ आणि गाणी वाईट नव्हेत. तरुणांनी एकत्र हसावे, यात देवाचीच कृपा आहे. पण केवळ हसवण्यासाठी बोलावलेल्या मुलाला एक दिवस कळून चुकते, की आपण येथे पाहुणे आहोत. आपल्यावाचून घर थांबत नाही. आणि पाहुणा कितीही रमला, तरी तो कधीतरी उठून जातोच.

मग आम्ही शोध घेऊ लागलो. ख्रिस्तसभेच्या इतिहासात उत्तर जवळच सापडले. बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या धर्मगुरूंनी १९२५ च्या सुमारास कामगार तरुणांची चळवळ उभारली, तेव्हा त्यांनी लहान गटांना तीनच पायऱ्या दिल्या होत्या. पाहा, विचार करा, कृती करा. पुढे १९६१ साली पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत सर्व ख्रिस्तसभेपुढे ठेवली. आम्ही तिचे नाव ऐकले होते, शिबिरांत तिच्यावर व्याख्यानेही दिली होती. पण 'पाहा' या पहिल्याच पायरीवर आम्ही कधी उभे राहिलो नव्हतो. मुलांना घेऊन गावात हिंडावे, हे आम्हांला सुचलेच नव्हते.

दुसरे उत्तर तर पायाखालीच होते. आम्ही युवक गट नावाची काही नवी गोष्ट या भागात आणत आहोत, अशी आमची समजूत होती. वस्तुतः गोंड-माडिया समाजात गोटूल ही तरुणांची संस्था पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. गावातील तरुण-तरुणी तेथे जमत, गाणी आणि नाच शिकत, मोठ्यांकडून रीतिभाती ऐकत आणि गावच्या कामांना हातभार लावत. त्या मुलाचे आजोबा गोटूलविषयी बोलू लागले, की त्यांचे डोळे चमकत. तेथे कोणाला कोडे घातले जात नव्हते. लग्न असो की मरण, तरुणांवाचून गावाचे अडत होते.

तिसरे उत्तर गडचिरोलीहून धानोऱ्याच्या दिशेने तीसेक किलोमीटरवर असलेल्या मेंढा (लेखा) या गावाने दिले. देवाजी तोफा यांचे हे गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांनी दीर्घकाळ साथ दिलेले. २०२५ साली मोहनभाऊ निवर्तले. या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ साली आपल्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार केंद्रीय मंत्र्यांच्या हस्ते ग्रामसभेच्या हाती आला. हे पुष्कळांनी वाचले असेल. आम्हांला भावली ती त्यामागची लहानशी गोष्ट. तेथे अभ्यासगट चालत आले आहेत. चार माणसे बसतात, एखादा कायदा किंवा एखादी अडचण समजून घेतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावून शंका विचारतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने. एकाचे जरी मन मानत नसेल, तरी थांबायचे आणि त्याचे ऐकायचे. भिंतीशी गप्प बसलेल्या आमच्या मुलाचे आम्ही एकदाही असे ऐकले नव्हते.

चंद्रपूरच्या बाजूला मूल तालुक्यात सोमनाथ आहे. बाबा आमटे यांनी साठीच्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, आणि मे महिन्याच्या भर उन्हात महाराष्ट्रभरचे तरुण तेथे कुदळ-फावडे हाती घेऊ लागले. सकाळी श्रम, नंतर व्याख्याने आणि चर्चा. तरुणांना सुखसोयी दिल्या तरच ते येतात, या आपल्या समजुतीला ही छावणी एक खणखणीत उत्तर होते.

या साऱ्यांतून आम्ही आमच्या गटासाठी साधी रीत ठरवली. महिन्यातून एका रविवारी मंदिराच्या सभागृहात बसायचे नाही. दोघादोघांनी वस्तीत, टोल्यांवर जायचे, आणि परत येऊन एकच सांगायचे, की आज कुणाचे काय अडलेले दिसले. मग सर्वांनी मिळून त्यांतले एकच काम निवडायचे. एकही जण 'नको' म्हणाला, तर ते काम घ्यायचे नाही. आणि आणखी एक नियम आम्ही प्रारंभीच घातला. जेथे काम करू तेथे धर्माविषयी पत्रक द्यायचे नाही, उपदेश करायचा नाही, फोटो काढायचा नाही. ज्याचे काम, त्याचे घर. आपण तेथे हात म्हणून जायचे.

मुलांनी जे पाहून आणले, ते आमच्या वहीत कोठेही नव्हते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. पहाटेपासून माणसे ती वेचतात. फुले दिसावीत म्हणून पुष्कळजण झाडाखालचा पालापाचोळा पेटवून देतात, आणि तीच आग कधी रानभर पसरते. एका मुलीने विचारले, "पाला आपणच झाडून दिला तर?" उपवासकाळातल्या तीन शनिवारी गटाने म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याच्या झाडांखालचा पाला खराट्याने झाडून दिला. मात्र उजाडल्याशिवाय रानात पाऊल टाकायचे नाही आणि घोळक्यानेच राहायचे, हे गावकऱ्यांनी मुलांना शिकवले. मोहाच्या दिवसांत वाघाने माणसे मारल्याच्या बातम्या या दोन्ही जिल्ह्यांत दरसाल येतात. पोप फ्रान्सिस यांचे २०१५ सालचे सृष्टीविषयीचे परिपत्रक आम्ही त्याआधी दोनदा गटात वाचून दाखवले होते. मुलांना ते कळले खराटा हाती घेतल्यावर.

पावसाळ्यात हिवतापाचा काळ. हा जिल्हा त्यासाठी राज्यात कुप्रसिद्ध आहे. मुलांनी घरांभोवतीची साचलेली डबकी बुजवली आणि मिळालेल्या मच्छरदाण्या पेटीत न राहता रात्री बाजेवर लागतात की नाही, हे पाहिले. साप चावल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णालय गाठावे, म्हणून कोणाकडे गाडी आहे आणि कोणता फोन लागतो, याची यादी दरेक टोल्यावर एका भिंतीवर लिहिली. तेंदूपत्त्याच्या हंगामात सत्तर पानांचे एक पुडके बांधले जाते. अनेक ग्रामसभा आता आपला तेंदू आपणच विकतात. तेव्हा पुडक्यांच्या नोंदी नीट लिहिणारा हात हवा असतो. बारावीची मुले तेथे बसली. बँकेचे पासबुक वाचून दाखवणे, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून देणे, ही कामे तर बारमाहीच निघाली. गटातील मुलांची संख्या चौदावरून एकोणीस झाली. तो मात्र परतला नव्हता.

या कामांतच एक काम पाण्याचे होते. त्याच मुलाच्या टोल्यावर एक म्हातारी एकटी राहत असे. ती आपल्या धर्माची नव्हती. बोरिंग तिच्या घरापासून दोन फर्लांगांवर, वाट उताराची. मुलांनी ठरवले, की उन्हाळाभर तिचे दोन गुंड पाणी आपण भरून द्यायचे. पाळ्यांची यादी झाली, दारामागे चिकटवली. २०१९ चा तो उन्हाळा. चंद्रपूरचा पारा त्या मे महिन्यात ४८ अंशांना भिडला होता. महिनाभर पाळी चुकली नाही. आम्हांला आमच्या मुलांचा अभिमान वाटू लागला, आणि तो आम्ही चारचौघांत बोलूनही दाखवू लागलो.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुसऱ्या गावच्या धर्मग्रामात मरियागीतांची स्पर्धा होती. गट पहाटेच निघाला. जीपमध्ये बसताना एकाने विचारलेही, "आजीचे पाणी?" ज्याची पाळी होती तो म्हणाला, की संध्याकाळी आल्यावर भरू. आम्ही ते ऐकले आणि मान डोलावली. उशीर होत होता. स्पर्धेत आमच्या गटाला पहिला क्रमांक मिळाला. चषक घेऊन, गात गात आम्ही रात्री आठला परतलो.

आजीने दुपारपर्यंत वाट पाहिली होती. मग तिने स्वतःच गुंड उचलला. परतीच्या चढावर तिचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. उन्हात ती किती वेळ पडून होती, हे तिलाही सांगता आले नाही. तेंदू तोडून परतणाऱ्या त्या मुलाला ती दिसली. त्याने टोल्यावरच्या तिघांना हाक मारली, बाज आणली, आणि चौघांनी तिला बाजेवर घालून तीन किलोमीटर चालत पक्क्या रस्त्यापर्यंत नेले. तेथून गाडीने रुग्णालयात.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला भेटायला गेलो, तेव्हा तो तिच्या उशाशी बसला होता. आम्ही आजीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "पोट्टे आले नाईत, मंग मीच गेली. तुमाले का बोल लावू?" ती उलट आमचीच समजूत घालत होती. त्याने आमच्याकडे पाहिले. बाहेरच्या ओसरीवर आल्यावर म्हणाला, "सर, तुमच्या आंधी मीच भरत होतो तिचं पानी. तुमी भरता मनून मी सोडलो जी."

वाचकहो, आयुष्यात आम्ही पुष्कळ प्रवचने ऐकली, पण या वाक्याइतके खोल दुसरे काही रुतले नाही. गटात आला नाही म्हणून ज्याची आम्ही कीव केली, तो गटाआधीपासून ते काम करत होता. कोणी पाळी लावली नव्हती, कोणी पाहिले नव्हते, त्याने सांगितले नव्हते. आम्ही गाजावाजा करून ते काम त्याच्या हातून घेतले, आणि एका चषकासाठी टाकले. मत्तयच्या शुभवर्तमानातला दोन पुत्रांचा दृष्टान्त आम्ही मुलांना कितीदा समजावून सांगितला होता. एकाने नाही म्हटले आणि तो मळ्यात गेला. दुसऱ्याने होय म्हटले आणि तो गेलाच नाही. आजवर आम्ही तो दृष्टान्त शिकवत होतो. त्या ओसरीवर तो आम्हांला लागू पडला.

पुढच्या रविवारी गट जमला. चषक टेबलावर होता. कोणी बोलत नव्हते. ज्याची पाळी होती तो मुलगा रडत होता. आम्ही सांगितले, की दोष त्याचा एकट्याचा नाही. जीपच्या दाराशी आम्ही मान डोलावली होती, आणि जाणत्यांची मान लहानांच्या चुकीपेक्षा जड असते. एकजण म्हणाला, "यापेक्षा कामच घेतले नसते तर बरे झाले असते." हे म्हणणे वरवर खरे वाटते. त्यावर आम्ही फार वेळ बोललो. ज्या कार्यक्रमात कुणाचे अडत नाही, त्यात कुणाचा घातही होत नाही. तो निर्धोक असतो. म्हणूनच आपण युवक गटांना असे कार्यक्रम देतो. पण निर्धोक कामाने माणूस मोठा होत नाही. मुलांवर भरवसा टाकायचा, तर तो मोडण्याचा धोकाही पत्करावा लागतो, आणि मोडलाच तर त्याची जबाबदारी आपल्याला त्यांच्यासोबत उचलावी लागते.

तेवढ्यात दारात तो उभा दिसला. तो गटात परत आला नव्हता. आजीच्या दोन शेळ्या होत्या. ती रुग्णालयात असेतो त्या चारायला कोण नेणार, एवढे विचारायला तो आला होता. त्याला मंगळवार आणि शुक्रवार जमत नव्हते. दोन हात वर झाले. तो आत आला, आणि या वेळी भिंतीशी न बसता यादी लिहिणाऱ्या मुलीच्या शेजारी बसला, कारण शेळ्या कोणत्या बाजूला न्यायच्या नाहीत हे त्याला सांगायचे होते. त्या दिवशी तो अर्धा तास बोलला. अडला तेथे गोंडी शब्द वापरला. इतरांनी अर्थ विचारून घेतला. ते शब्द लिहून ठेवण्यासाठी मुलांनी नवी वही घातली. झाडांची, गवतांची, पाखरांची गोंडी नावे आज तिच्यात भरली आहेत. युवक गटासाठी याहून चांगला भाषेचा खेळ आम्हांला सुचला नसता.

त्या दिवसापासून गटाने तीन गोष्टी पाळल्या. दूरच्या गावांतील गटांनाही त्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे नोंदवतो. पहिली : काम हाती घेण्यापूर्वी ते आज कोण करत आहे, याची चौकशी करायची. बहुधा कोणीतरी गुपचूप करत असते. त्याला बाजूला सारायचे नाही, त्याच्या हाताखाली काम करायचे. दुसरी : पेलेल तेवढेच घ्यायचे, आणि प्रत्येक पाळीमागे दुसरे नाव लिहायचे. स्पर्धा, परीक्षा, लग्न काहीही असो, दुसरे नाव असल्याशिवाय पहिल्याने गाव सोडायचे नाही. तिसरी : कामानंतर बसायचे, आणि शुभवर्तमान तेव्हा उघडायचे. आधी वाचून मग कृतीची आठवण करून देण्यापेक्षा, कृतीची माती हाताला असताना वाचलेले वचन वेगळेच ऐकू येते.

२०२० सालच्या टाळेबंदीत या रीतीची परीक्षा झाली. आमच्या भागातील माणसे दरसाल मिरची तोडायला तेलंगणात जातात. त्या वर्षी ती तेथे अडकली आणि पुष्कळजण पायी निघाले. सभागृहात जमायला बंदी होती. कार्यक्रमांचा गट असता, तर तो त्या महिन्यांत विरून गेला असता. मुलांनी दोघादोघांनी, अंतर राखून, कोणाच्या घरी धान्य नाही आणि कोणाचा माणूस वाटेत आहे, हे शोधून ग्रामपंचायतीला आणि फादरांना कळवले. कोणी बोलावले नव्हते. अडले होते.

आजी काठीने चालू लागली होती. २०२१ साली ती गेली. तिच्या समाजाच्या रीतीने तिला माती दिली गेली. आमची मुले एका बाजूला उभी होती. नातलगांनी त्यांना पुढे बोलावले आणि खांदा द्यायला सांगितले. त्याआधी पाण्याच्या पाळीपायी तिने आमच्याबद्दल काय सांगितले होते कोण जाणे. पण खांदा देण्याचे आमंत्रण कोणाला मिळते, हे आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी रोममध्ये प्येर जॉर्जो फ्रासाती या तरुणाला संतपद बहाल केले. तुरीन शहरातील सुखवस्तू घरातला हा मुलगा १९२५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी पोलिओने गेला. त्याच्या अंत्ययात्रेला गोरगरिबांची एवढी दाटी झाली, की आपला मुलगा त्या सर्वांसाठी काय करत होता, हे घरच्यांना त्या दिवशी कळले. त्याची कथा आम्ही गटात सांगितली, तेव्हा काहींनी मान वळवून त्या मुलाकडे पाहिले. तो आता मुलगा राहिलेला नाही. आपल्या ग्रामसभेच्या तेंदूचा हिशेब तो पाहतो, आणि हंगाम नसेल तेव्हा गटात येतो. सर्वजण आपल्याकडे पाहत आहेत हे ध्यानात येताच त्याने खाली पाहिले आणि तो हसला. पूर्वी प्रश्नमंजूषेत हसायचा, तसाच.

आम्ही आता निवृत्त आहोत. गट तरुणच चालवतात. त्यांच्या वहीत चार रकाने असतात. पहिल्यात लिहितात, कुणाचे अडते. दुसऱ्यात, आज ते कोण करतो. तिसऱ्यात पाळी, आणि चौथ्यात दुसरे नाव. गेल्या महिन्यात आम्ही ती वही चाळली. एका पानावर पहिल्या रकान्यात आमचीच नावे दिसली. आमच्या घरचे वीजबिल भरायला तालुक्याला जावे लागते आणि आता आमच्याने मोटारसायकल चालवत नाही, हे कोणीतरी पाहून गेले होते. दुसरे नाव त्याचे होते.